सदरच्या कपाटातली पिस्तुलं

नागपूरच्या सदरमध्ये लहानपण गेलेल्या माझ्या पिढीला जुनं पिस्तूल बघायला अजब बंगल्याचं, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाचं, शस्त्रदालन गाठायची गरज नसे. रेसिडेन्सी रोडच्या दोन्ही अंगांना तेव्हा कौलारू बंगले होते. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, आत काचेचं कपाट, आणि त्या कपाटात चिनीमातीच्या बशांच्या शेजारी एखादं लांब नळीचं पिस्तूल. कुणाच्या आजोबांना साहेबाकडून मिळालेलं, कुणी लिलावात उचललेलं, कुणाच्या घरी ते कसं आलं हे फक्त आजीलाच ठाऊक. महालातल्या जुन्या वाड्यांमधून दसऱ्याला तलवार निघायची. आमच्याकडे पिस्तूल निघायचं.

त्याचं कारण सदरच्या जन्मातच आहे. भोसल्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट या बाजूला राहायचा आणि त्याच्या व त्याच्या पलटणींच्या गरजांवर हा बाजार पोसला गेला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज लढली. १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. शेजारच्या टाकळीला घोडदळाचा तळ होता. १८५७ च्या जूनमध्ये तिथल्या स्वारांनी उठावाचा बेत केला, तो फुटला आणि त्यांची हत्यारं काढून घेण्यात आली. शंभर-सव्वाशे वर्षं पलटणी आल्या आणि गेल्या. घोडेस्वाराच्या खोगिराला तेव्हा पिस्तूल असायचंच. विलायतेला परतणारा अधिकारी पलंग, टेबल, घोडा आणि हत्यार इथेच विकून जायचा. पुढे स्वातंत्र्यानंतर रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हा त्यांच्याही घरातलं सामान असंच शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आलं.

आमच्या शेजारी कामठीहून निवृत्त झालेले सुभेदारकाका राहायचे. त्यांच्याकडे एक ठासणीचं पिस्तूल होतं. नळी वीतभराहून थोडी लांब, दस्त्याच्या टोकाला पितळेचं टोपण, त्यात दोरी अडकवायची कडी. घरातली पोरं त्याला 'सीताबर्डीच्या लढाईतलं पिस्तूल' म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणायचो.

एकदा काकांनी बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी बोलावलं. घोडा सैल झाला होता. मिस्त्रींनी पिस्तूल हातात घेतलं आणि सगळ्यात आधी म्हणाले, "सुभेदारसाहेब, पहिले पाहू द्या भरलं त नाही." नळीखालचा गज त्यांनी ओढून काढला, नळीत पार खालपर्यंत सोडला आणि नळीच्या तोंडाशी गजावर बोटाने खूण धरली. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण जिथे यायला हवी तिथे आली, म्हणजे आत दारू-गोळी काही नाही. गज दोन बोटं अलीकडे थांबला असता तर कुणाच्या तरी आजोबांनी भरलेली गोळी अजून आत आहे असं समजायचं. आम्ही पोरं श्वास रोखून बघत होतो.

मग त्यांनी काकांना चाप दाखवला. "हे चकमकीचं नाही जी, हे टोपीचं आहे." चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते, ती पोलादावर घासते, ठिणगी रंजकावर पडते. टोपीच्या पिस्तुलात घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आपटतो. जुनी चकमकीची पिस्तुलं पुढे टोपीची करून घेत, त्यात रंजकाच्या वाटीच्या जागी बुजवलेली भोकं दिसतात. मिस्त्रींनी चापाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. बुजवलेलं काही नव्हतं. म्हणजे हे घडतानाच टोपीचं घडलेलं. इंग्रजांच्या पलटणींत टोपीची हत्यारं १८४० च्या आसपास आली. सीताबर्डी त्याच्या कितीतरी आधीची.

काकांना वाईट वाटलं नाही. ते हसले आणि म्हणाले, "मग आबाजी सांगायचे तेच खरं." आबाजी म्हणजे काकांचे आजोबा, ते कामठीला साहेबांच्या मेसचा हिशेब ठेवायचे. मायदेशी निघालेल्या एका अधिकाऱ्याकडे उधारी राहिली होती, तिच्या बदल्यात तो हे पिस्तूल देऊन गेला. एवढीच त्याची कथा. त्या दिवशी व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना ती कळली. कुणी ती लिहून ठेवली नाही, कारण सांगणारे समोर बसले होते.

किमतीचं बोलणं त्या काळी फार कमी व्हायचं. मंगळवारी बाजारात जुनं सामान विकणारे बसायचे, त्यांच्याकडे एखादं मोडकं पिस्तूल आलं तर लोखंड-पितळेच्या वजनाहून थोडं जास्त मिळायचं. वस्तू कुणाच्या घरातून आली हे मात्र घेणारा हटकून विचारायचा. बंगल्याचं नाव घेतलं की पुरे. विकणारा, घेणारा आणि मधला मिस्त्री तिघेही एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे खोट्याला फारसा वाव नव्हता. भाव कुणालाच नीट ठाऊक नव्हता, पण माहिती पक्की होती.

परवान्याचंही तसंच. काकांकडे परवान्याचं जुनं पुस्तक होतं, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेलं. निवडणूक आली की ते पिस्तूल पिशवीत घालून सदर पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, पावती पुस्तकात ठेवायचे आणि निकाल लागला की परत घेऊन यायचे.

आता काकांच्या बंगल्याच्या जागी सात मजली इमारत येते आहे. गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, तिच्या वर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो धावते. बंगल्यांची काचेची कपाटं फ्लॅटमध्ये मावत नाहीत. काकांचा नातू पुण्यात असतो. पिस्तूल सध्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे. नातवाचा मला फोन आला, "काका, आमचं सीताबर्डीच्या लढाईतलं पिस्तूल आहे ना, त्याची किंमत किती येईल? फोटो पाठवतो." मिस्त्रींनी खोडलेली गोष्ट घरात टिकून राहिली होती आणि आबाजींची खरी गोष्ट पुसली गेली होती. लढाईचं नाव मोठं, म्हणून तेच लक्षात राहिलं.

फोटो आले, आणि त्यांच्या मागोमाग लंडनच्या लिलावांतले आकडे. आजची मुलं मिनिटाभरात सांगतात की कंपनी सरकारचं साधं घोडदळी पिस्तूल तिकडे काही शे पौंडांपासून हजार-दीड हजार पौंडांपर्यंत जातं. माहितीची ही सोय मोठी आहे, मला तिचा आदर आहे. मिस्त्रींना आयुष्यभरात जेवढी पिस्तुलं हाताळायला मिळाली, त्याहून जास्त पिस्तुलांचे नीट काढलेले फोटो हा मुलगा एका संध्याकाळी बघू शकतो. कंपनीच्या हत्यारांवरची बदामाच्या आकाराची खूण, तिच्या चार भागांतली कंपनीच्या नावाची आद्याक्षरं आणि वरची चाराच्या आकड्यासारखी रेघ त्याला फोनवर मोठी करून बघता येते. पुढच्या काळातल्या चापावर उभा सिंह येतो, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. काकांच्या पिस्तुलावर तो सिंह आहे, पण अर्धाच.

अर्धा का, ते मी त्याला सांगितलं. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकू पितळेचं टोपण चिंचेने घासायच्या आणि काका लोखंड विटेच्या बारीक पुडीने लखलखीत करायचे, मग तेलाचा हात फिरवायचे. पूजेला ठेवायची वस्तू उजळलीच पाहिजे, ही आमची रीत. आजच्या संग्राहकाला नेमकं उलटं हवं असतं. लोखंडावर काळाने चढलेला तपकिरी रंग, पितळेवरचा मंद काळपटपणा, लाकडावर हातांनी आलेली झिलई, खुणांच्या तीक्ष्ण कडा, यांचे तो पैसे मोजतो. घासलेलं, पॉलिश मारलेलं, निकेलचा मुलामा दिलेलं पिस्तूल तो बाजूला ठेवतो. त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच असतो: विकायचं असो वा ठेवायचं, हात लावू नका, कोरड्या फडक्याने धूळ पुसा आणि थांबा. पण काका-काकूंच्या त्या दसऱ्यांची मला हळहळ वाटत नाही. त्यांनी वस्तूचा मान ठेवला म्हणून ती भंगारात गेली नाही.

मूळपणा ही पुढची कसोटी. सगळे भाग एकाच हत्याराचे आहेत का, घोडा नंतर बसवलेला आहे का, गज मूळचा आहे का, स्क्रूच्या खाचा पिळवटलेल्या आहेत का, दस्ता मनगटापाशी फुटून जोडलेला आहे का. कधीकधी टोपीचं केलेलं पिस्तूल पुन्हा चकमकीचं करतात, कारण चकमकीला भाव जास्त; जाणकार ते ओळखतो आणि किंमत खाली आणतो. आता नकली मालही भरपूर आहे. शोभेसाठी घडवलेली पिस्तुलं ब्रिटिश लष्करी हत्यारांवरचा 'टॉवर'चा शिक्का आणि मुकुट मारून जुनी म्हणून विकली जातात. त्यांची अक्षरं वाकडी, पितळ सोन्यासारखं पिवळं, चापाची कमान ढिली, आणि पुष्कळांत नळीला रंजकाचं भोकच पाडलेलं नसतं. मिस्त्रींच्या अंगठ्याने हे क्षणात कळलं असतं. फोटोतून ते कळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचं हे की लंडनच्या आकड्यावर नागपूरच्या माणसाचा हक्कच नाही. ब्रिटनमध्ये जुनी हत्यारं शोभेची वस्तू म्हणून बाळगायला कायद्यात सवलत आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी घडलेलं हत्यार पुरातन मानलं जातं. तिथला भाव त्या मोकळ्या बाजारात ठरतो. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घाटाच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्तीनेही चालू शकणार नसेल तरच. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेली हत्यारंही त्यातच मोजली. २०२० मध्ये गृहमंत्रालयाने 'क्युरिओ' वर्गातली छोटी हत्यारं नुसती बाळगायला परवान्याची अट काढली. मात्र ती वापरायची, सोबत न्यायची किंवा हलवायची तर परवाना लागतोच. आपलं पिस्तूल या वर्गात बसतं की नाही, हे घरच्या घरी ठरवायचं नसतं. ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचं.

सदरमध्ये पलटणीच्या दुसऱ्या पिढीतली हत्यारंही होती, पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांकडची वेब्ली रिव्हॉल्व्हरं. १९१५ मध्ये आलेल्या त्यांच्या सहाव्या मार्कावर १९१६, १९१७ अशी सालं कोरलेली सापडतात. आता ती शंभरी ओलांडून गेली. तरीही ती .४५५ बोअरची आहेत, आणि ते काडतूस चालवणारं हत्यार आपल्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. वयाने पुरावस्तू आणि बोअरने प्रतिबंधित, अशा वस्तूचा परदेशी आकडा बघून कुणी व्यवहार ठरवला तर माणूस गुन्ह्यात अडकतो. तेव्हा आणि आता यांत बदल झाला तो हाच. तेव्हा भाव नव्हता आणि माहिती होती. आता भाव डोळ्यांसमोर आहे, पण तो आपला नाही, आणि माहिती सांगणारी माणसं गेली.

माहितीला किती मोल असतं, हे नागपूरकरांनी नुकतंच पाहिलं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल बाजारात विकले गेले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झालं. घराण्याच्या वस्तू अशा चहूकडे पांगल्या आणि त्यांतल्या बहुतेकांची ओळख वाटेत गळून पडली. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये एक तलवार लिलावाला आली. युरोपी पात्याची फिरंग, सोन्याच्या कामाची मूठ, आणि पात्यावर देवनागरीत राघोजी भोसल्यांचं नाव आणि सेनासाहेबसुभा हे पद. महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तशाच घडणीची, तितकीच सुबक पण निनावी फिरंग असती तर सरकार धावलं नसतं. ते नाव नागपूरची तलवार नागपूरच्या माणसांना परत ओळखू देणारं होतं. ती बातमी वाचताना माझा ऊर भरून आला.

पिस्तुलांचंही असंच. लाफायेतने जॉर्ज वॉशिंग्टनला दिलेल्या पिस्तुलांची जोडी २००२ मध्ये न्यूयॉर्कला जवळपास वीस लाख डॉलरला गेली. नेपोलियनने आपल्या विश्वासू कोलँकूरला दिलेली जोडी जुलै २०२४ मध्ये फ्रान्समध्ये १६ लाख ९० हजार युरोंना विकली गेली, आणि फ्रेंच सरकारने ती राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर जाण्यापासून अडवली. दोन्ही जोड्यांची कारागिरी उत्तम आहे, पण तेवढ्या कारागिरीची इतर पिस्तुलं त्याच्या अगदी थोड्या अंशात मिळतात. उरलेली सगळी रक्कम कुणी कुणाला दिलं आणि ते कशावरून, या पुराव्याची आहे.

आपल्या कपाटात वॉशिंग्टन नाही, हे उघड आहे. पण कामठीच्या मेसचा हिशेबनीस आहे, उधारी ठेवून गेलेला अधिकारी आहे, आणि निवडणुकीत पिस्तूल जमा करून आणणारे सुभेदारकाका आहेत. ही छोटी, खरी गोष्ट सीताबर्डीच्या मोठ्या, खोट्या गोष्टीपेक्षा मोलाची आहे. जाणकाराने टोपीचा चाप पाहिला की खोटी गोष्ट त्याच क्षणी कोसळते आणि विकणाऱ्याच्या पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वासही घेऊन जाते. खरी गोष्ट चापाशी, सिंहाशी, पितळी टोपणाशी जुळते. तिच्यामुळे किंमत थोडी वाढेल किंवा वाढणारही नाही, पण वस्तूला घर राहील.

म्हणून नातवाला मी किंमत सांगण्याआधी कामं सांगितली. काकांचं परवान्याचं पुस्तक आणि ठाण्याच्या पावत्या घरातल्या ट्रंकेत शोध. त्यांवर हत्याराचं वर्णन असेल, आणि इतक्या वर्षांचे शिक्के हा कुणालाही नाकारता न येणारा पुरावा आहे. काकांचा पिस्तुलासह काढलेला एखादा दसऱ्याचा फोटो असेल तर त्याच्या मागे साल लिही. विक्रेत्याकडे जाऊन नळीची लांबी, तोंडाचा व्यास, चापावरच्या आणि नळीवरच्या खुणा नोंदवून घे. मिस्त्री काय म्हणाले, आबाजींची हकिगत काय होती, हे मी माझ्या हाताने लिहून, खाली सही करून त्याला दिलं. ऐकीव आहे तिथे ऐकीव असं लिहिलं, डोळ्यांनी पाहिलं तिथे पाहिलं असं लिहिलं. मग परवानाधारक, जाणत्या माणसाकडून मूल्यांकन करून घे, आणि एकाच्या आकड्यावर थांबू नकोस. विकायचंच ठरलं तर कायद्याच्या वाटेने विक. आणि विकायचं नसेल तर १८६३ पासून उभं असलेलं आपलं मध्यवर्ती संग्रहालय सदरच्या उंबऱ्यावरच आहे, त्यांना आधी विचार.

त्याला पुस्तक सापडलं. मधली काही पानं वाळवीने खाल्ली आहेत, पण पहिलं पान शाबूत आहे आणि त्यावर ठासणीच्या पिस्तुलाची नोंद आहे. विकायचं की नाही, हे त्याने अजून ठरवलेलं नाही, आणि मला त्याची घाई वाटत नाही.

सदरमध्ये अजून काही जुनी घरं उभी आहेत, आणि त्यांतल्या कपाटांत, ट्रंकांत, माळ्यांवर असं काहीबाही असणार. कस्तुरचंद पार्कच्या खोदकामात काही वर्षांपूर्वी जुन्या तोफा निघाल्या. जमिनीखालच्या त्या तोफांना सांगणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्या कुणाच्या, कधीच्या, हे अंदाजावर ठरवावं लागतं. घरातल्या हत्यारांची गोष्ट सांगणारे मात्र अजून आहेत: ऐंशीच्या घरातल्या मावश्या, निवृत्त सुभेदार, एखादा जुना मिस्त्री. त्यांच्यासमोर वही घेऊन बसा, परवाना तपासा, वस्तू योग्य हाती सोपवा. हे काम याच वर्षी व्हायला हवं, सांगणारे आपल्यात आहेत तोवर.